सहा महिन्यांनी पुन्हा जंताची गोळी कशाला? कारण आपल्या शरीराने जंताशी तह केलाय

शाळेत जंतनाशक गोळीचा दिवस जवळ आला की आपल्या पश्चिम पट्ट्यात, म्हणजे पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरीकडे, एकच प्रश्न फिरतो. मागल्या खेपेला दिली होती ना, मग परत कशाला? काही पालक त्या दिवशी पोराला शाळेतच पाठवत नाहीत. कुठल्यातरी गावातल्या उलट्यांचा जुना व्हिडिओ ग्रुपवर येऊन पडतो, आणि आशाताई दारोदार समजूत काढत फिरतात.

समजूत काढणं ठीक, पण प्रश्नाचं नीट उत्तर कुणी देत नाही. प्रश्न खरा आहे. गोवर एकदा येऊन गेला की आयुष्यात पुन्हा येत नाही. कांजिण्यांचंही बहुतेक तसंच. शरीर एकदा शत्रू ओळखतं आणि मग दारातच अडवतं. जंत मात्र एकाच पोराला पाचव्या वर्षी होतात, सातव्या वर्षी होतात आणि दहाव्या वर्षीही होतात. म्हणजे शरीर शिकत नाही का? याचं उत्तर परिपत्रकात नाही, आपल्या आतड्यात आहे. ते कळलं की गोळी परत का, हेही कळतं आणि गोळी कुणाला मिळत नाही, हेही दिसायला लागतं.

आधी मोहिमेचं थोडक्यात. राष्ट्रीय जंतनाशक दिन २०१५ च्या फेब्रुवारीत काही राज्यांत सुरू झाला, पुढच्या वर्षी देशभर गेला. देशपातळीवर १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट या तारखा ठरल्या, पण राज्याच्या सोयीने दिवस पुढंमागं होतो. वय १ ते १९. गोळी अल्बेंडाझोल, ४०० मिलीग्रॅम. एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी, तीही चुरून पाण्यात कालवून. पुढच्यांना पूर्ण; तीन वर्षांपर्यंतच्यांना तीही चुरून, त्यावरच्यांनी चावून खायची.

तीन जंत, दोन रस्ते

आपण सगळ्याला 'जंत' म्हणतो, पण मातीतून येणारे मुख्य तीन आहेत. पहिला गोल जंत, गांडुळासारखा लांब, मादी वीतभर किंवा त्याहून जास्त. पोराच्या शी मध्ये दिसतो तो हाच. दुसरा चाबकाच्या आकाराचा. तिसरा अंकुशकृमी, जेमतेम एक सेंटीमीटर, सहसा डोळ्याला दिसत नाही, आणि माझ्या मते आपल्या भागात सगळ्यात जास्त दुर्लक्ष यालाच झालंय. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात सुमारे १५० कोटी लोकांच्या पोटात या तिघांपैकी कुठला ना कुठला जंत आहे. तेव्हा यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

गोल जंत आणि चाबूककृमी तोंडावाटे येतात. गोल जंताची एक मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते. उघड्यावरच्या शी तून ती मातीत जातात, दोन-तीन आठवडे मातीत पिकतात, मग न धुतलेल्या हातातून, काकडीतून, कोथिंबिरीतून पोटात. गोड खाल्ल्याने जंत होतात हे आपल्याकडे घरोघरी सांगतात. गूळ-साखरेतून जंत येत नाही. मातीने भरलेल्या हातात गुळाचा खडा असेल, तर दोष हाताचा.

अंकुशकृमीचा रस्ता वेगळा. त्याची अळी मातीत असते आणि अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरते. हे कळलं तेही गमतीशीर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इजिप्तमध्ये कैरोला आर्थर लूस नावाचे जर्मन शास्त्रज्ञ काम करत होते. अळ्या असलेल्या पाण्याचा थेंब चुकून त्यांच्या हातावर सांडला. तिथं खाज सुटली, कातडी लाल झाली. काही आठवड्यांनी त्यांच्याच शी मध्ये अंकुशकृमीची अंडी सापडली.

आत शिरल्यावर गोल जंत आणि अंकुशकृमी दोघांच्याही अळ्या आधी सरळ आतड्यात बसत नाहीत. रक्तातून फुप्फुसात जातात, तिथून वर घशात येतात, गिळल्या जातात आणि मग आतड्यात मुक्काम करतात. जपानमध्ये कोइनो नावाच्या डॉक्टरांनी १९२२ मध्ये हे बघायला स्वतः गोल जंताची २००० अंडी गिळली होती. न्यूमोनियासारखा आजार झाला आणि थुंकीत अळ्या दिसल्या. पोराला जंत असताना कोरडा खोकला येतो असं जुन्या बायका म्हणतात. खोकल्याची कारणं शंभर असतात, पण त्या म्हणण्यात तथ्य आहे.

शरीर काय करतं

आता मुद्द्याचं. जीवाणू किंवा विषाणू शरीरात शिरला तर पांढऱ्या पेशी त्याला गिळतात नाहीतर तो ज्या पेशीत लपलाय ती पेशीच मारतात. वीतभर जंताला कुठली पेशी गिळणार? म्हणून शरीराने जंतासाठी वेगळंच खातं उघडलंय.

आतड्याच्या आतल्या अस्तरात काही थोड्या पेशी असतात, त्यांना टफ्ट पेशी म्हणतात. डोक्यावर झुपका असल्यासारख्या दिसतात म्हणून ते नाव. कित्येक वर्षं त्यांचं काम काय हे कळत नव्हतं. २०१६ मध्ये वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी उंदरांवर दाखवलं की या पेशी राखणदार आहेत. जंत आल्याची चाहूल यांना लागते आणि त्या आरोळी ठोकतात. आरोळी म्हणजे एक रासायनिक निरोप. तो निरोप गेला की आतड्यात चिकट बुळबुळीत पदार्थ तयार करणाऱ्या पेशी भराभर वाढतात, आतडं पाणी सोडतं, आतड्याची हालचाल जोरात होते. घसरट करायचं, पाणी सोडायचं आणि लोटून बाहेर काढायचं, असा डाव. मोरीत अडकलेली घाण आपण काढतो तसंच.

दुसरीकडे रक्तात इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी वाढतात. सीबीसीच्या रिपोर्टवर हा शब्द तुम्ही पाहिला असेल. लॅबवाला आकड्याखाली रेघ मारून देतो. या पेशी फिरत्या अळीला चिकटतात आणि तिच्यावर जळजळीत द्रव्य ओततात. इओसिनोफिल वाढले म्हणजे जंतच, असं नाही. दमा, अ‍ॅलर्जी यातही वाढतात. कारण हत्यार तेच आहे. शिंका, खाज, अंगावर पित्त उठणं, हे ज्या यंत्रणेतून येतं तीच यंत्रणा जंताविरुद्ध लढते. मुळात ती जंतासाठीच घडली असावी, असं बरेच शास्त्रज्ञ मानतात.

एवढी फौज असून जंत वर्षवर्ष राहतो कसा? गोल जंत पोटात एक ते दोन वर्षं जगतो, अंकुशकृमी तर काही वर्षं. कारण जंत गप्प बसत नाही. तो आपल्या अंगातून असे पदार्थ सोडतो की शरीराची फौज थंड पडते. आपल्या शरीरात भांडण आवरतं घेणाऱ्या पेशी असतातच, नाहीतर प्रत्येक घासाला आतडं पेटून उठलं असतं. जंत त्याच पेशींना हाताशी धरतो. उंदरातल्या एका जंतावर झालेल्या संशोधनात तर असं दिसलं की शरीर स्वतःला शांत करायला जो निरोप वापरतं, त्याची नक्कलच तो जंत तयार करतो. खोटा शिक्का मारून पोलिसाला घरी पाठवल्यासारखं झालं की हो हे.

आणि शरीरालाही हा तह काही प्रमाणात परवडतो. रानडुक्कर शेतात शिरलं तर फटाके वाजवू, राखण करू, पण त्याला मारायला उभं पीक कुणी पेटवून देत नाही. जंताविरुद्ध पूर्ण ताकदीने युद्ध केलं तर आतडं आणि फुप्फुस यांचंच नुकसान होईल. म्हणून शरीर बंदोबस्त ठेवतं, मोडून काढत नाही. वय वाढतं तसा गोल जंताविरुद्ध थोडा जोर येतो, म्हणून तो सगळ्यात जास्त शाळकरी वयात सापडतो. अंकुशकृमीच्या बाबतीत तेवढंही होत नाही. तो वयाबरोबर वाढतो आणि मोठ्या माणसांत ठाण मांडतो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

गोळीची गोष्ट आता सोपी झाली. अल्बेंडाझोल जंताला साखर शोषू देत नाही, तो उपाशी मरतो. पण गोळी शरीराला काही शिकवत नाही. ती लस नाही. औषध दोन दिवसांत शरीरातून निघून जातं आणि अंगणातल्या मातीत अंडी तशीच असतात, गोल जंताची तर काही वर्षंही टिकतात. म्हणून ज्या गावात माती तीच आणि सवयी त्याच, तिथं वर्षभरात गोल जंताचं प्रमाण जवळपास पहिल्याइतकं होतं. अनेक देशांतल्या अभ्यासांत हे आढळलंय. सहा महिन्यांचं अंतर यातून आलंय. संघटनेचा नियमही तोच सांगतो: २० टक्क्यांवर मुलांत जंत असतील तर वर्षातून एकदा, ५० टक्क्यांवर असतील तर दोनदा.

आणखी एक. गोळी तिन्ही जंतांवर सारखी चालत नाही. एका डोसात गोल जंत १०० पैकी ९५ जणांचा जातो, अंकुशकृमी साधारण ८० जणांचा, चाबूककृमी मात्र ३० जणांचाच. आणि ज्या पोराच्या पोटात जंत जास्त, त्यालाच गोळीनंतर मळमळ, पोटदुखी, एखादी उलटी होते, कारण मरणारे जंत जास्त. त्या व्हिडिओतली उलटी बहुतेक वेळा ही असते. लिंबूपाणी देऊन सावलीत बसवलं की थोड्या वेळात मूल ठीक होतं. त्या दिवशी ताप असलेल्या, आजारी मुलाला मात्र गोळी देऊ नये, तसं सिस्टरला सांगावं.

त्याच घरात एकाला का, दुसऱ्याला का नाही

एकाच आईची दोन पोरं, एकाच अंगणात खेळतात. एकाला दर वर्षी जंत, दुसऱ्याला नावाला नाहीत. सासू लगेच सुनेला बोलते, हात धुवत नाहीस म्हणून. तमिळनाडूत पुलिकत सरोवराकाठच्या मच्छीमार वस्तीत १९८० च्या दशकात याचा अभ्यास झाला. ज्यांच्या पोटात आधी जास्त गोल जंत होते, गोळी देऊन रिकामं केल्यावर त्यांच्याच पोटात पुन्हा जास्त झाले. जगभर हेच दिसतं, थोड्या माणसांत बरेचसे जंत. काही भाग सवयीचा, काही भाग रक्तातून आलेल्या प्रतिकारशक्तीचा.

शेळ्यामेंढ्यांवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. कळपात दोन शेळ्या कायम मरगळलेल्या, जबड्याखाली सूज, पापणी पांढरी, बाकीच्या ठणठणीत. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या सुंदरबनातल्या गारोळ मेंढीचा आपल्या दख्खनी मेंढीशी संकर केला तो मुख्यतः जुळ्या कोकरांसाठी. पण त्यात जंतांचीही तपासणी झाली, आणि गारोळचं रक्त असलेल्या कोकरांच्या लेंड्यांत जंताची अंडी कमी निघाली. दलदलीत पिढ्यान्‌पिढ्या जगलेली जात, तिचं शरीर जंताशी जास्त कडक वागतं.

मेंढ्यांनी आणखी दोन गोष्टी दाखवल्यात. एक चांगली. रक्त पिणाऱ्या जंतावर ऑस्ट्रेलियात २०१४ मध्ये लस आली. जंताच्या आतड्यातली प्रथिनं काढून ती मेंढीला टोचतात, मेंढी त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करते, जंत रक्त पितो तेव्हा ती त्याच्याच पोटात जाऊन त्याचं आतडं खराब करतात. पण हंगामात ती पुन्हा पुन्हा टोचावी लागते. माणसाच्या अंकुशकृमीसाठी याच वाटेने अमेरिकेत पीटर होटेझ यांच्या गटाने लस तयार करून माणसांवर चाचण्या घेतल्यात, बाजारात मात्र माणसाच्या जंतावर एकही लस नाही. दुसरी गोष्ट वाईट. वर्षानुवर्षं एकच औषध, तेही अंदाजाने कमी पाजून, जगभर मेंढ्या-शेळ्यांचे जंत अल्बेंडाझोलच्या जातीच्या औषधांना दाद देईनासे झालेत. माणसाच्या गोळीचं तसं होऊ नये म्हणून मेडिकलमधून अर्धी-पाव गोळी आणून मनाने देत बसू नये. शेळीचं औषध पोराला तर नाहीच.

गोळीने वजन वाढतं का?

इथं सरकारी जाहिरात आणि अभ्यास यांच्यात फरक आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. केनियात मायकेल क्रेमर आणि एडवर्ड मिगेल यांनी शाळांत गोळ्या देऊन बघितलं. शाळेतली गैरहजेरी सुमारे पाव भागाने कमी झाली. क्रेमर यांना पुढे २०१९ मध्ये अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्याबरोबर नोबेल मिळालं. पण उत्तर प्रदेशात सुमारे १० लाख लहान मुलांवर पाच वर्षं सहा-सहा महिन्यांनी गोळी देऊन अभ्यास झाला, २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात वजनात किंवा बालमृत्यूत लक्षात येईल असा फरक पडला नाही. ज्या भागात जंतच कमी, तिथं सगळ्यांना गोळी देऊन सरासरी हलणार कशी, असंही म्हटलं जातं.

माझं मत असं की गोळी बंद करण्याचं हे कारण नाही. स्वस्त आहे, सुरक्षित आहे, आणि ज्याच्या पोटात खरोखर ओझं आहे त्याला आराम पडतो. पण गोळी दिली, रजिस्टर भरलं, फोटो काढला म्हणजे कुपोषण हटलं, हे कुणी सांगू नये. फुटक्या रांजणात पाणी भरायचं तर भोकही बुजवावं लागतं.

तहाची किंमत मात्र चुकवावीच लागते, आणि ती रक्तात चुकवावी लागते. अंकुशकृमी आतड्याला दात लावून रक्त पितो. एका जंतामागे दिवसाला ०.०३ मिलीलिटर, दुसऱ्या जातीचा असेल तर त्याच्या पाचपट. ऐकायला काहीच नाही. पण पोटात शंभर असतील तर छोट्या जातीचेच महिन्याला ९० मिलीलिटर होतात. बाईच्या पाळीत सरासरी ३० ते ४० मिलीलिटर जातं. म्हणजे दोन पाळ्यांपेक्षा जास्त रक्त, दर महिन्याला, गुपचूप. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायका आणि ६८.९ टक्के लहान मुलं रक्त कमी असलेली निघाली. सगळं जंतांमुळे नाही. खाणं, बाळंतपणं, सिकलसेल, बरीच कारणं आहेत. पण आवणीच्या दिवसांत दम लागतोय म्हणणाऱ्या बाईला लोहाच्या गोळ्या दिल्या आणि खालून रक्त गळतंच राहिलं, तर त्या गोळ्यांनी काय होणार?

पोटात जंत असताना काही लसींचाही असर कमी पडतो. इथिओपियात बीसीजीच्या आणि इक्वेडोरमध्ये पटकीच्या तोंडावाटेच्या लसीच्या बाबतीत आधी जंताचं औषध दिलं तेव्हा शरीराने लसीला जास्त चांगली साथ दिली.

आता मघाचं वाक्य. अंकुशकृमी मोठ्या माणसांत ठाण मांडतो, आणि आपली मोहीम मुख्यतः १९ वर्षांपर्यंत. गरोदर बाईला चौथ्या महिन्यानंतर तपासणीत एक गोळी देण्याचा नियम आहे, पहिल्या तीन महिन्यांत देत नाहीत. पण चाळिशीतली मजूर बाई, भातलावणीचा गडी, शेळ्या राखणारे आजोबा, यांना कोण विचारतं? जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीत मूल होण्याच्या वयातल्या सगळ्या बायका येतात. वेल्लोरच्या वैद्यकीय महाविद्यालयाने तमिळनाडूत गावातल्या लहानथोर सगळ्यांना गोळी देऊन बघण्याचा मोठा प्रयोग केला, तो याच कारणासाठी. पोरांच्या पोटातून काढायचा आणि आईबापांच्या पोटात तसाच ठेवायचा, तर तो मातीत परत येणारच.

भरलेल्या खाचरात ही अळी फार टिकत नाही. तिला ओलसर, सावलीची, भुसभुशीत माती लागते, म्हणजे बांध, ओढ्याचा काठ, झाडाखालचा आडोसा, जिथं माणसं बसतात नेमकी तीच जागा. तिथं शी पडल्यावर पाच ते दहा दिवसांत अळी पायात शिरायला तयार होते आणि तीन-चार आठवडे वाट बघू शकते. चिखलात चप्पल रुतते, मान्य. पण बांधावरून जाताना पायात काहीतरी असावं.

राज्याचा ग्रामीण भाग २०१८ मध्ये हागणदारीमुक्त जाहीर झाला. किती संडासांत आता सरपण आणि खताच्या गोण्या आहेत, ते प्रत्येकाला आपापल्या गावात माहीत आहे. पावसाळ्याआधीच्या ग्रामसभेत तीन गोष्टी मागून घ्या. उपकेंद्रावर शेतमजूर बायकांचं हिमोग्लोबिन तपासणं आणि जिचं कमी निघेल तिची शी तपासायला पाठवणं किंवा डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी देणं. ज्या संडासाला पाणी नाही तिथं पाणी. आणि ज्यांचे दोन खड्ड्यांचे संडास आहेत त्यांना हे सांगणं, की एक खड्डा भरला की दुसरा चालू करून पहिला दोन वर्षं उघडू नका. लवकर उपसून ते खत वावरात टाकलं तर गोल जंताची जिवंत अंडी मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्यात जातात. ज्या मुलाची गोळी हुकली असेल, त्याच्यासाठी मुख्य दिवसानंतर काही दिवसांत पुन्हा फेरी असते. तारीख आशाताईंकडे मिळेल.